पाण्यात बुडवलेल्या फुलांची सजावट : करायची कशी आणि टेबलाला दर किती सांगायचा?

परंडा : तुळशीचं लग्न लागलं की लगीनसराई सुरू होते आणि मंडप-डेकोरेशनवाल्यांच्या मोबाईलवर फोटो यायला लागतात. त्यात हल्ली एक फोटो हमखास असतो. उभट काचेचं भांडं, त्यात गळ्यापर्यंत पाणी, पाण्याच्या आत जांभळं-पांढरं ऑर्किड आणि वर तरंगणारी मेणबत्ती. फोटोखाली दोन ओळी असतात : "असं करता का? एका टेबलाचे किती?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. चार दिवस घरी सराव केला तर हे काम कुणालाही जमतं, त्याला मोठा क्लास लावायची गरज नाही. अडचण दुसऱ्या प्रश्नाची आहे. हार, गजरे, गाडीची सजावट करणाऱ्यांना "फुलाला लागले त्याच्या दुप्पट सांगा" अशी सवय असते. त्या हिशोबाने इथे दर सांगितला तर ऑर्डर मिळते, फोटोही छान येतात, पण घरी पैसा येत नाही. असं का होतं ते खाली आकड्यांनिशी बघू. त्याआधी काम समजून घेऊ, कारण दर कामातूनच निघतो.

घंगाळातल्या फुलांपेक्षा वेगळं काय?

पाण्यात फुलं ठेवणं आपल्याला नवीन नाही. पितळी घंगाळात किंवा परातीत पाणी घालून गुलाबाच्या पाकळ्या, झेंडू आणि पणत्या सोडायची पद्धत जुनीच आहे. केरळ-तमिळनाडूकडची उरळीही हल्ली आपल्या कार्यालयांच्या दारात दिसते. पण तिथं फूल तरंगतं आणि तरंगणं हा फुलाचा स्वभावच आहे. पाकळ्यांच्या मध्ये आणि देठात हवा असते, म्हणून बुडवलेलं फूल लगेच वर येतं.

इथे ते खाली धरून ठेवायचं आहे आणि भोवतीचं पाणी रात्री पाहुणे जाईपर्यंत काचेसारखं नितळ ठेवायचं आहे. सगळी कारागिरी या दोन गोष्टींत आली.

एक फायदा मात्र आयता मिळतो. गोल काचेत पाणी भरलं की ते भिंगासारखं काम करतं आणि आतलं फूल आडवं मोठं दिसतं. रिकाम्या भांड्यात केविलवाणी वाटणारी ऑर्किडची एक काडी पाणी ओतलं की भांडं भरून टाकते. म्हणजे या कामात फूल कमी लागतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, हिशोबात पुन्हा येणार आहे.

कोणतं फूल पाण्यात टिकतं?

जाड, मेणचट पाकळीचं फूल टिकतं आणि पातळ, नाजूक पाकळीचं फूल लवकर विरघळल्यासारखं होतं. बोटांत पाकळी धरली की फरक कळतो.

ऑर्किड यात सगळ्यात भरवशाचं. आपल्या बाजारात येतं ते बहुतेक डेंड्रोबियम जातीचं. त्यातलं जांभळं-पांढरं 'सोनिया' सगळ्यांच्या ओळखीचं आहे. यातला बराच माल थायलंडहून येतो, म्हणून भाव जास्त. पण एका काडीवर सात-आठ फुलं असतात आणि पाण्याखाली एक-दोन दिवस ती तशीच राहतात. अँथुरियम आणि कॅला लिलीही चालतात. पॉलिहाऊसचा गुलाब एका कार्यक्रमापुरता चांगला, दुसऱ्या दिवशी पाकळ्या मऊ पडून कडा काळवंडतात. गुलाब घ्यायचा तर अर्धवट उमललेला घ्या. पूर्ण उमललेला पाण्यात लवकर सुटतो.

झेंडू आपल्याकडे स्वस्त आणि भरपूर, म्हणून अनेकांना तोच घालावासा वाटतो. नका घालू. पाकळ्यांच्या दाटीत हवा अडकते, फूल सारखं वर येऊ बघतं आणि देठ कुजला की पाण्याला वास मारतो. झेंडू भांड्याच्या बाहेर, पायथ्याशी गोल मांडा, तिथे तो शोभतो. मोगरा पाण्याखाली गेला की काही वेळात तपकिरी, पारदर्शक होतो. चाफ्याचं फूल दिसायला योग्य वाटतं, पण देठातला चीक पाणी गढूळ करतो. जरबेरा तरंगता ठेवायला बरा, बुडवायला नाही. रंगवलेली फुलं, म्हणजे निळी ऑर्किड किंवा हिरवी शेवंती, पाण्यात रंग सोडतात. निळं ऑर्किड हवंच असं कुणी म्हटलं तर आधी एक काडी रात्रभर पाण्यात ठेवून बघा.

कण्हेर बांधावर फुकट मिळते, म्हणून एक इशारा. कण्हेरीचं झाड मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे. जेवणाच्या टेबलावर, लहान पोरांच्या हाताला येईल अशा पाण्यात ती घालूच नका.

फूल आणायचं कुठून आणि ठेवायचं कसं?

परंड्याला जवळची मोठी बाजारपेठ बार्शीची, पुढे सोलापूर. ऑर्किड, अँथुरियमसारखा माल भरपूर आणि निवडून हवा असेल तर पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डातला फूलबाजार. पण एकाच लग्नासाठी पुण्याला जाणं परवडत नाही. बहुतेक जण ओळखीच्या फूलवाल्याला फोन करून ट्रॅव्हल्स किंवा एसटीने पार्सल मागवतात. पार्सल कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळपर्यंत हातात पडेल असं बघा. त्याच दिवशी मागवून त्याच दिवशी सजावट करण्याच्या भानगडीत पडू नका, गाडी उशिरा आली की काम बुडालं.

माल आला की खोकं उघडा, देठाचं टोक बोटभर तिरकं कापा आणि स्वच्छ पाण्याच्या बादलीत दोन-चार तास सावलीत उभं ठेवा. प्रवासात कोमेजलेलं फूल पाणी पिऊन ताठ होतं. ताठ झालेलं फूलच बुडवायचं, मलूल फूल पाण्यात गेल्यावर सुधारत नाही.

लग्नघरी एक चूक हमखास होते. फुलं थंड खोलीत म्हणून जिथे ठेवतात, तिथेच आंब्याची अढी किंवा केळीचे घड असतात. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि ऑर्किड त्याला फार हळवं असतं. कळ्या गळतात, फुलं मिटतात. तेव्हा फळांची खोली वेगळी आणि फुलांची वेगळी. फ्रिजमध्येही ऑर्किड कोंबू नका, फार थंडीने त्याच्या पाकळ्यांवर डाग पडतात.

पाणी : इथेच निम्मं काम बिघडतं

आपल्या भागात बोअरचं पाणी बहुतेक जड. त्यातले क्षार काचेवर पांढरे ओघळ सोडतात आणि एलईडीच्या उजेडात ते लांबून दिसतात. म्हणून भरायला आरओच्या जारचं पाणी घ्या. भांडी बोअरच्या पाण्याने धुतली तर शेवटचा हात जारच्या पाण्याचा द्या आणि सुती कापडाने लगेच पुसा. जुने पांढरे डाग असतील तर कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून भांडी अर्धा तास बुडवून ठेवा, डाग सुटतात.

आता जारबद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. लग्नात पिण्यासाठी येतो तो थंडगार जार या कामाला घेऊ नका. थंड पाण्यात हवा जास्त विरघळलेली असते. मांडवातल्या उन्हाळ्यात पाणी तापत गेलं की ती हवा बाहेर पडते आणि पाकळीवर बारीक बुडबुड्यांची रांग बसते. फूल चंदेरी, धुरकट दिसतं, शिवाय बुडबुड्यांमुळे वरही ओढलं जातं. साधा, न थंड केलेला जार सांगा. तो आदल्या रात्रीच आणून पातेल्यात कापड झाकून ठेवलात तर उत्तम.

पाण्यात साखर, मीठ, गुलाबजल काहीही घालायचं नाही. साखरेने तर जंतू वाढून पाणी सकाळपर्यंत दुधाळ होतं. एका रात्रीच्या कार्यक्रमाला स्वच्छ भांडं आणि स्वच्छ पाणी एवढंच पुरतं.

बांधणी

भांडं सरळ, उभट काचेचं घ्या. दुकानात याला 'सिलिंडर ग्लास' म्हणतात. फोनवर नुसतं "सिलिंडर पाठवा" म्हटलं तर भलताच गोंधळ व्हायचा! साधारण १० सेंटिमीटर व्यासाची, २०, ३० आणि ४० सेंटिमीटर उंचीची अशी तीन भांडी मिळून एक सेट होतो आणि एका टेबलाला एक सेट लागतो.

तळाला नदीतले गोटे किंवा काचेच्या गोट्या. गोटे पाणी नितळ निघेपर्यंत धुवायचे, चार-पाच पाणी तरी लागतात. दुकानातली रंगीत खडी असेल तर रात्रभर भिजवून रंग सोडते का बघा.

फूल खाली धरायला मासे धरायचा पातळ तंगूस सगळ्यात चांगला, पाण्यात तो दिसत नाही. सीना-कोळेगाव धरणाच्या काठच्या गावांत तो सहज मिळेल. देठाच्या टोकाला तंगूस दोन वेढे देऊन चपट्या गोट्याला बांधा. ऑर्किडची काडी भांड्याच्या उंचीच्या पाऊणपट ठेवून बाकीची कापा, म्हणजे वर मेणबत्तीला जागा राहते. पाण्याखाली जाणारी पानं काढून टाका, आधी तीच कुजतात. लिलीचं फूल असेल तर मधले पिवळे पुंकेसर चिमटीने काढा, नाहीतर पराग पाण्यात उतरतो.

भांड्यात घालण्याआधी प्रत्येक फूल स्वच्छ पाण्याच्या बादलीत उलटं बुडवून हलकेच हलवा. धूळ आणि पाकळ्यांतली बरीचशी हवा तिथेच निघते. मग कोरड्या भांड्यात गोट्यासकट फूल ठेवा, वरून बाकीचे गोटे सोडा आणि नळी तळापर्यंत नेऊन पाणी हळूहळू भरा. वरून तांब्याने ओतलं तर पाकळ्या मोडतात आणि बुडबुडे होतात. भरून झाल्यावर दहा मिनिटं थांबा, काचेवर बोटाने टिचक्या मारा. अडकलेले बुडबुडे विणायच्या लांब सुईने सोडवा. काठापासून तीन सेंटिमीटर खाली पाणी ठेवून मेणबत्ती सोडा आणि काच बाहेरून पुसून घ्या.

ही भरणी कार्यालयात, त्याच टेबलावर करायची. भरलेलं भांडं उचलून न्यायचं नाही. १० सेंटिमीटर व्यासाच्या, ४० उंचीच्या भांड्यात जवळजवळ तीन लिटर पाणी मावतं. म्हणजे तीन किलो वजन, वर काचेचं वजन वेगळं आणि हात ओले. पाहुणे यायच्या दोन-तीन तास आधी मांडणी संपली पाहिजे. सकाळचा मुहूर्त असेल तर पहाटे चारला उठायची तयारी ठेवा. ही पहाटही दरात धरायची असते.

सुरक्षेचं थोडक्यात. कुलरच्या वाऱ्यात मेणबत्ती काठाला लागते आणि काच तडकते, तिथे बॅटरीची मेणबत्ती वापरा. पाण्यात टाकायच्या छोट्या एलईडी दिव्यांत बटणासारखे सेल असतात. लहान मुलाने असा सेल गिळला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून दिवे मोजून ठेवा आणि मोजूनच परत घ्या.

आता हिशोब

समजा, कार्यालयात २० गोल टेबलं आहेत. प्रत्येक टेबलावर तीन भांड्यांचा एक सेट, म्हणजे एकूण ६० भांडी. मोठ्या भांड्यात ऑर्किडच्या दोन काड्या, मधल्यात एक, लहानात एक गुलाब. सगळ्यांवर एकेक मेणबत्ती. खालचे भाव समजण्यापुरते धरले आहेत. तुमच्या दिवशी बाजारात जो भाव असेल तो टाकून हीच बेरीज पुन्हा करा.

ऑर्किड लागतं ६० काड्या. मोडतोड, गळालेल्या कळ्या यासाठी १५ टक्के जास्त धरलं की ६९, म्हणजे १० काड्यांच्या ७ जुड्या. ४०० रुपयांनी २,८०० रुपये. गुलाब २० लागतात, पण २० चीच जुडी आणली आणि तीन खराब निघाले तर? म्हणून दोन जुड्या, २०० रुपयांनी ४०० रुपये. फुलांचे झाले ३,२०० रुपये. पार्सलचे ३०० रुपये.

मेणबत्त्या ६०, दहा रुपयांनी ६०० रुपये. तंगूस, गोटे, कापड, हातमोजे, पुठ्ठ्याची खोकी असं बारीकसारीक ४०० रुपये.

पाणी. एका सेटमध्ये मेणबत्तीची जागा सोडून साधारण ६.४ लिटर बसतं. वीस सेटला १२७ लिटर, म्हणजे २० लिटरचे ७ जार. शेवटच्या धुण्याला एक जास्तीचा. ८ जार, ३० रुपयांनी २४० रुपये.

भांडी तुमचीच असली तरी ती फुकट नाहीत. ६० भांडी सरासरी २५० रुपयांनी घेतली तर १५,००० रुपये अडकले. ही रक्कम दहा लग्नांत वसूल करायची म्हटलं तर एका लग्नावर १,५०० रुपये. हे काचेचं भाडं. ते लावायचंच.

सामान नेण्या-आणण्याला छोटा टेम्पो, दोन्ही फेऱ्यांचे १,५०० रुपये. भांडी मोटारसायकलवर न्यायचा विचार सोडा.

राहिली मजुरी. बहुतेक जण ही मोजतच नाहीत, कारण "घरचीच माणसं आहेत". मोजू या. फोन, नमुना दाखवणं, यादी करणं ३ तास. आदल्या दिवशी दोघांनी तीन तास भांडी आणि गोटे धुतले, ते ६ तास. दोघांनी तीन तास फुलं कापून-बांधून ठेवली, ते ६ तास. कार्यालयात तिघांनी चार तास मांडणी केली, ते १२ तास. रात्री जेवणं उरकल्यावर तिघांनी तीन तास पाणी ओतलं, भांडी पुसली, खोक्यात भरली, ते ९ तास. एकूण ३६ तास. तासाला ७० रुपये धरले तर २,५२० रुपये.

सगळ्याची बेरीज १०,२६० रुपये. यात फुलांचे किती? ३,२००. म्हणजे खर्चाच्या शंभर रुपयांतले फक्त ३१ रुपये फुलांचे.

आता "फुलांच्या दुप्पट" हा नियम लावून बघा. ३,२०० चे ६,४०० रुपये, टेबलाला ३२०. गिऱ्हाईक लगेच हो म्हणेल. पण फुलं, पार्सल, मेणबत्त्या, बारीक सामान, पाणी आणि टेम्पो यांचे रोख गेलेले पैसेच ६,२४० रुपये होतात. हातात उरले १६० रुपये. तिघांच्या ३६ तासांचे १६० रुपये! त्यात दोन भांडी फुटली की तेही गेले आणि वर पदरचे गेले.

हाराला हा नियम चालतो, कारण हारात फूल हाच मुख्य खर्च असतो आणि हार देऊन टाकला की काम संपतं. इथे फूल कमी लागतं, हे आपण वर बघितलंच. खर्च काचेचा, गाडीचा आणि रात्री थांबून भांडी परत आणण्याचा आहे. फूल हाच आधार धरला तर बाकी सगळं तुम्ही स्वतःच्या खिशातून देता.

बरोबर दर असा निघतो. १०,२६० वर फूटतूट आणि ऐनवेळच्या खर्चासाठी १० टक्के, म्हणजे ११,२८६. त्यावर २० टक्के नफा, म्हणजे १३,५४३ रुपये. वीसने भागलं की ६७७. टेबलाला ६८० रुपये सांगा. मजुरी वेगळी आणि नफा वेगळा हे ध्यानात घ्या. मजुरी ही कामाची आणि नफा धंद्याचा. पुढच्या हंगामात भांडी वाढवायला, न आलेल्या ऑर्डरचे दिवस काढायला तो लागतो. उमेद अभियानातल्या बचत गटाने हे काम घेतलं असेल तर मजुरीचे तास वहीत नावानिशी लिहा. कोण किती थांबलं यावरून रुसवेफुगवे होत नाहीत.

भाव चढला तर? ऑर्डर छोटी असेल तर?

मोठ्या तिथीला एकाच दिवशी गावोगाव लग्नं असतात आणि फुलांचा भाव दुप्पट व्हायला वेळ लागत नाही. वरच्या हिशोबात फुलांचे ३,२०० ऐवजी ६,४०० धरा. बेरीज १३,४६० होते आणि टक्के लावून टेबलाचा दर ८८८ रुपयांवर जातो. म्हणजे फुलांचा भाव दुप्पट झाला तरी टेबलाचा दर साधारण तीस टक्केच वाढतो. हे गिऱ्हाइकाला आधीच समजावून सांगता येतं. ऑर्डर घेताना दोन आकडे सांगा : साध्या दिवशी ६८०, मोठ्या तिथीला फुलांच्या भावाप्रमाणे ८९० पर्यंत. नंतर वाढवलेला दर कुणालाच पटत नाही.

आता खरी गोष्ट. आपल्या तालुक्यातल्या लग्नांत वीस गोल टेबलं असतात कुठे? गावात अजून पंगत किंवा बुफे. गोल टेबलांची ऑर्डर बार्शी, सोलापूर, पुण्याच्या कार्यालयांतली. इथे येते ती पाच-सहा नगांची. स्वागताच्या टेबलावर दोन, स्टेजच्या दोन्ही बाजूंना दोन, रुखवताजवळ एक, साखरपुड्याच्या चौरंगाशी एक.

सहा मोठी भांडी, प्रत्येकात दोन काड्या धरून बघा. ऑर्किडच्या दोन जुड्या ८००, पार्सल तेवढंच ३००, मेणबत्त्या ६०, बारीक सामान १००, दोन जार ६०, काचेचं भाडं भांड्यामागे ३० रुपयांनी १८०. गाडीला टेम्पोऐवजी रिक्षा, ७०० रुपये. मजुरी १२ तासांचे ८४०. बेरीज ३,०४०. टक्के लावून ४,०१३, म्हणजे एका भांड्याला ६६९ रुपये.

तिकडे तीन भांड्यांचा अख्खा सेट ६७७ ला आणि इकडे एकच भांडं ६६९ ला. यात लुबाडणूक नाही. पार्सल आणि गाडी सहा नगांनाही सोडत नाहीत. म्हणून छोट्या कामाला नगाचा दर सांगूच नका. "सहा नगांपर्यंत ४,००० रुपये, पोहोच आणि परत नेण्यासह" असा ठोक दर सांगा. एक-दोन नगच हवे असतील तर गिऱ्हाइकाने स्वतः येऊन न्यावेत आणि स्वतः भरावेत. तसे सुटे सामान, बांधून तयार फूल आणि भरायची पद्धत सांगून दिलं तर गाडी आणि रात्रीचे तास वाचतात, दर निम्म्यावर येऊ शकतो. गावातल्या ओळखीच्या घरांना हीच सोय जास्त परवडेल असं आम्हाला वाटतं.

उन्हाळा आणि टँकर

वीस टेबलांना १२७ लिटर पाणी हे मंडपाच्या खर्चात काहीच नाही. पण ज्या वर्षी गावात टँकर चालू असतो, त्या वर्षी जेवणाच्या टेबलावर भांडीभर पाणी नुसतं शोभेला ठेवलेलं लोकांना बघवत नाही. मग वऱ्हाडी बोलतात आणि बोल सजावटवाल्यालाही लागतो. अशा वेळी एकच भांडं स्वागताला ठेवायचा सल्ला तुम्हीच द्या. वापरलेलं पाणी गटारात न ओततां बादल्यांत गोळा करून कार्यालयाच्या झाडांना घाला, त्यात काही मिसळलेलं नसल्याने झाडांना अपाय नाही. तंगूस मात्र एकूणएक वेचून घ्या. गुरांच्या पोटात किंवा पाखरांच्या पायात तो अडकला की सुटत नाही.

ऑर्डर पक्की करताना

तोंडी ठरवलेलं काम वादाला कारण होतं. ओळखीच्या घरी तर जास्तच, कारण तिथे कुणी काही लिहीत नाही. व्हॉट्सॲपवर एक मेसेज पाठवा आणि "मान्य" असं उत्तर आल्यावरच फुलं सांगा. अनामत म्हणजे काच फुटली तर कापायची रक्कम, ती दरात धरू नका, वेगळी घ्या. आणि फुलांचे पैसे आगाऊ पूर्ण घ्या, कारण सुतक पडलं किंवा अवकाळीने मांडव उडाला तरी फूलवाला त्याचे पैसे सोडत नाही.

मेसेज असा असू द्या, तुमचे आकडे टाकून जसाच्या तसा वापरला तरी चालेल :

"नमस्कार. आपल्या कार्याची तारीख, ठिकाण आणि वेळ : ____. पाण्यातील फुलांची सजावट, २० टेबलं, प्रत्येकी ३ भांडी, ऑर्किड व गुलाब. दर टेबलाला ६८० रुपये, एकूण १३,६०० रुपये. यात फुलं, मेणबत्त्या, पाणी, मांडणी, गाडी आणि रात्री सामान परत नेणे आलं. भांडी आमची, कार्यक्रमानंतर परत घेणार. अनामत २,००० रुपये, फुटलेल्या भांड्यामागे २५० रुपये वजा करून दुसऱ्या दिवशी परत. ५,००० रुपये आगाऊ यूपीआयने, बाकी मांडणी पूर्ण झाल्यावर, पाहुणे येण्याआधी. सांगितलेलं फूल बाजारात न मिळाल्यास त्याच रंगाचं दुसरं फूल आपल्याला फोटो दाखवून वापरू. कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी रद्द केल्यास आगाऊ रक्कम परत, त्यानंतर फुलांचे पैसे वजा होतील. मान्य असल्यास कळवावे."

यातलं "पाहुणे येण्याआधी" हे गाळू नका. नवरदेव पारावर आला की घरातला कारभारी माणूस तुम्हाला सापडत नाही.